थंडीत गाडी तापायला ठेवून घरात जाता का? आपापले अनुभव लिहा

धुळे, देवपूर : पारा सहा-सात अंशांवर आला की आमच्या गल्लीत पहाटे तीन-चार गाड्या चालू करून ठेवलेल्या दिसतात आणि आत माणूस नसतो. गेल्या आठवड्यात त्यातलीच एक बोलेरो चोरीला गेली. तुमच्याकडे असं काही घडलंय का? घडलं असेल तर मोकळेपणाने लिहा.

शिरपूर : आमची गेली. दोन वर्षं झाली. वडिलांना तपासणीसाठी धुळ्याला न्यायचं होतं. सव्वापाचला गाडी चालू केली, काचेवरचं दव जावं म्हणून ब्लोअर लावला आणि वडिलांना हात धरून आणायला आत गेलो. गाडी बटणावर चालू होणारी, चावी माझ्या खिशात. चावीशिवाय कोण नेणार, असंच मला वाटत होतं. पण एकदा चालू झालेलं इंजिन चावी लांब गेली म्हणून बंद पडत नाही. नुसता बीप वाजतो. बाहेर आलो तर सगळा रस्ता दवाने ओला आणि गाडी उभी होती तेवढाच चौकोन कोरडा. आई ओट्यावरून विचारत होती, "गाडी कथी गई रे?"

इथून मध्य प्रदेशची हद्द तासाभराच्या आत लागते. ११२ ला फोन केला, गुन्हा नोंदवला, पण गाडी मिळाली नाही. विमावाल्यांनी दोन्ही चाव्या मागितल्या, मग इंजिन चालू का ठेवलं होतं ते विचारलं. गाडीची वाजवी काळजी घ्यायची, अशी अट पॉलिसीत असते. पैसे पूर्ण आले नाहीत. मला जास्त लागली ती वडिलांची फाइल. आठ वर्षांचे रिपोर्ट मागच्या सीटवर होते.

जळगाव, गॅरेज : भाऊ, वाचून वाईट वाटलं. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांना आपल्याकडच्या थंडीत अर्धा-एक मिनिट पुरतं. उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीचं इंजिन लवकर तापतं. पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा, रेस करू नका. जुन्या डिझेल गाडीला डॅशबोर्डवरचा हीटरचा (इंजिन आधी तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझू द्या, मग सेल मारा. पंधरा मिनिटं उभी ठेवून डिझेल जळतं, काजळी धरते. थंडीत खरा दगा बॅटरी देते, ती हिवाळ्याआधी तपासून घ्या.

नंदुरबार : मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६ वाचा. सार्वजनिक जागी गाडी उभी करायची तर चालकाच्या सीटवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. मी हे शोधायला का गेले, तर आमच्या शेजाऱ्यांची चालू गाडी एकाने कोपऱ्यापर्यंत नेली होती. मागे चार वर्षांची मुलगी गोधडीत झोपलेली. ती रडायला लागली तशी गाडी तिथेच टाकून तो पळाला. ते रडणं अजून माझ्या कानात आहे.

फैजपूर : केळीच्या पिकअपवर आम्ही दोघं असतो. एक दोर आवळतो, दुसरा स्टिअरिंग सोडत नाही.

चोपडा : शटर लावलेल्या शेडमध्ये तर गाडी अजिबात चालू ठेवू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माझा पुतण्या चक्कर येऊन पडला होता, वेळेत बाहेर काढला.

शिरपूर : जळगाववाले भाऊ, आता तसंच करतो. काच कोरड्या फडक्याने पुसतो. वडील कानटोपी घालून आधी बसतात, नवी फाइल मांडीवर. मग मी बटण दाबतो.