१४ महिन्यांचं बाळ, अँबूने (मास्क लावून हाताने दाबायची श्वासाची बॅग) हवा जाईना. श्वासनळीत ट्यूब टाकायला हवी होती का?

रात्रपाळी२२: मी बीएएमएस, अँब्युलन्सवर लागून आठ महिने झालेत. परवा रात्री ताप आणि आकडीचं बाळ, आकडी थांबली पण श्वास अगदी वरवर, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ८० टक्क्यांच्या आसपास, हॉस्पिटल ४० मिनिटं लांब. अँबू लावला तर छाती हलेचना, उलट पोट फुगायला लागलं, शेवटी पायलटदादांना गाडी बाजूला घ्यायला लावून दोन्ही हातांनी मास्क धरायला बसवलं आणि मी बॅग दाबली तेव्हा कुठे ९४ दिसलं. पोचल्यावर कॅज्युअल्टीतले सर सगळ्यांसमोर, 'ट्यूब का नाही टाकली?' बाळ बरं आहे आता. पण माझं चुकलं का खरंच?

भूलभुलैया: भूल देणाराच आहे मी, नाही चुकलं. लॉस एंजेलिस भागात १२ वर्षांपर्यंतच्या ८३० मुलांवर अभ्यास झाला होता, २००० साली छापून आला, तारीख सम की विषम त्यावर पॅरामेडिकने नुसती बॅग द्यायची की बॅग देऊन मग ट्यूब टाकायची ते ठरायचं. वाचलेली मुलं बॅगवाल्यांत ३० टक्के, ट्यूबवाल्यांत २६, म्हणजे ट्यूबने फायदा काही दिसला नाही, वर काही ट्यूब अन्ननलिकेत गेल्या, काही वाटेत हलल्या. आता छाती का हलली नाही ते. एवढ्याशा बाळाचं डोकं मागून मोठं असतं, सपाट झोपवलं की मान पुढे दुमडते आणि जीभ मागे पडते. टॉवेलची घडी खांद्याखाली घालायची, कान छातीच्या वरच्या खाचेच्या रेषेत आला पाहिजे. बोटं जबड्याच्या हाडावरच, खालच्या मऊ भागात रुतली की तूच जीभ वर ढकलतोस. आणि हळू दाब रे, छाती जेमतेम उचलेल इतकंच, दोन-तीन सेकंदाला एक. घाबरलेला माणूस धडाधड दाबतो आणि सगळी हवा पोटात.

धारणीकर: सर शहरात ठीक आहे हे, आमच्याकडे दोन-दोन तास रस्ता, तेवढा वेळ कोण मास्क धरणार?

भूलभुलैया: बरोबर, तिथे आयजेल बघा, म्हणजे घशात स्वरयंत्रावर बसणारी मऊ नळी, दीड नंबर ५ ते १२ किलोला चालतो, पण मूल पूर्ण बेशुद्ध हवं, नाहीतर उलटी. पोट फुगलं तर तोंडातून नळी टाकून हवा काढा. ट्यूब टाकायचीच तर कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) लावून, त्याशिवाय मी तरी चालत्या गाडीत टाकणार नाही.

रात्रपाळी२२: आत्ता भाचीला झोपवून बघितलं, डोक्याखाली उशी ठेवली तर हनुवटी छातीला टेकते, टॉवेल खांद्याखाली सरकवला की मान सरळ. त्या रात्री आईने बाळाच्या डोक्याखाली दुपट्याची घडी ठेवली होती. मी ती काढलीच नव्हती.