केर स्टुअर्टच्या जुन्या इंजिनाचे पार्ट्स कुठे मिळतील? (दोन फुटी गेज, साखर कारखान्याचं)

ऊसगाडी_610
नमस्कार मंडळी. आमच्याकडे एका बंद कारखान्याचं ऊस ओढायचं वाफेचं इंजिन आहे, केर स्टुअर्ट या जुन्या इंग्रजी कंपनीचं, वर्षानुवर्षं गेटपाशी चौथऱ्यावर उभं होतं, आता आम्ही काही जणांनी मिळून ते शेडमध्ये घेतलंय आणि निदान कंपाउंडातल्या कंपाउंडात तरी चालवायचं असं डोक्यात आहे. अडचण अशी की पितळेचं म्हणून जे होतं ते भंगारवाल्यांनी कधीच लांबवलंय, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे दोन्ही इंजेक्टर नाहीत, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासचे कॉक नाहीत, शिट्टी नाही, प्रेशर गेजच्या जागी नुसतं भोक. चाकाचा आस ज्यात फिरतो तो एक ॲक्सलबॉक्स तडकलाय आणि त्यातलं ब्रास, म्हणजे बेअरिंग, इतकं झिजलंय की बोट फिरवलं तर कडेला पायरी लागते. नेटवर शोधलं तर सगळं इंग्लंडचं, पौंडातला भाव बघूनच पोटात गोळा येतो. इथे काही मिळतं का? शेजारच्या गावात बागेत असंच एक इंजिन उभं आहे, त्याचे पार्ट्स मागून घ्यावेत का?

बॉयलर_अण्णा
शिट्टी-बिट्टी राहू द्या हो, आधी बॉयलर. अल्ट्रासोनिकने प्लेटची जाडी तपासून घ्या, खास करून फायरबॉक्सच्या तळाशी, जिथे राख आणि ओल साठून पत्रा खाल्ला जातो, आणि स्मोकबॉक्सकडची ट्यूब प्लेट. तिथेच गेलं असेल तर बाकीच्या पार्टवर पैसे घालून उपयोग नाही. आणि एक, 1923 च्या बॉयलर कायद्यातून सूट होती ती रेल्वेच्या ताब्यातल्या इंजिनांना, तुमचं कारखान्याचं. आता तर 2025 चा नवा कायदा आलाय. तेव्हा एकही ट्यूब कापायच्या आधी बाष्पके संचालनालयात जाऊन इन्स्पेक्टर साहेबांना भेटा, ते काय मागतात ते बघा, मग खरेदी.
ट्यूबची काळजी नको, आयबीआर (बॉयलरचे भारतीय नियम) सर्टिफिकेटवाल्या बॉयलर ट्यूब बाजारात मिळतात, साखर कारखान्यांना लागतातच की. गेज ग्लास, प्रेशर गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह, इंजेक्टर हेसुद्धा बॉयलर माउंटिंगवाल्यांकडे बघा. दिसायला जुन्यासारखे नसतील, पण काम करतील. बॉयलरवरचं जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता धरणारं आवरण, मात्र हाताने ओरबाडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

शिरोली_मोल्डर
ॲक्सलबॉक्स शोधत बसू नका राव, मिळणार नाही. करूनच घ्यायचा. कोल्हापूरला या, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव, पण मोठ्या फाउंड्रीत जाऊ नका, एका नगासाठी ते हात लावत नाहीत, जॉबिंगचं काम करणारा छोटा माणूस गाठा. जुना पार्टच पॅटर्न (साच्याचा नमुना) म्हणून वाळूत दाबला की झालं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. बीड (कास्ट आयर्न) थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे अडीचशे मिलिमीटरला अडीच मिलिमीटर, वर झीज वेगळी आणि मशीनिंगला माल पण ठेवावा लागतो. पॅटर्नवाल्याला झिजलेलं नाही, मूळ माप द्या. ब्रास गनमेटलमध्ये ओता, त्याचं आकसणं अजून जास्त.
आटे बघितलेत का? सगळे व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, असणार, 55 अंशाचे. आजकालचा मेट्रिक 60 चा. अर्धा इंची व्हिटवर्थला इंचाला 12 आटे, अमेरिकन यूएनसीला 13, चारपाच आटे आत जातात आणि मग अडकतं, पोरगं पाना लावून जोर करतं आणि भोकाची वाट लावतं. टॅप-डाय मुंबईत नागदेवी स्ट्रीटला विचारा. आणि पितळी व्हॉल्व्ह-कॉकसाठी मुंबईच्याच दारूखान्यात एक फेरी मारा, जहाजांचा माल असतो, नशिबाने घबाड लागतं. फक्त प्रेशर लागणाऱ्या जागी अण्णांना विचारल्याशिवाय बसवू नका.

वेल्समधला_पुणेकर
पार्ट्स महाग आहेत पण ड्रॉइंगसाठी इकडे पत्र टाकून बघा. केर स्टुअर्ट 1930 मध्ये बुडाली तेव्हा तिचं काम हन्सलेट या दुसऱ्या इंजिन कंपनीकडे गेलं, आणि ते हन्सलेटचं नाव आता जुनी इंजिनं जपणाऱ्या इंग्लंडच्या स्टॅटफोल्डवाल्यांकडे आहे. दुसरं म्हणजे वेल्समधल्या कॉरिस रेल्वेने 2005 मध्ये केर स्टुअर्टच्या टॅटू क्लासच्या धर्तीवर नवं कोरं इंजिन चालू केलंय, मूळ 1921 चं इथल्याच टॅलिलिन रेल्वेवर आहे. तुमचं त्याच क्लासचं निघालं तर निम्मी डोकेदुखी गेली. वर्क्स नंबर (कंपनीने इंजिनाला दिलेला क्रमांक) शोधा, प्लेट चोरीला गेली असली तरी कनेक्टिंग रॉडच्या टोकावर ठोकलेला असतो बऱ्याचदा. रंग खरवडा.

कुर्डुवाडी_फिटर
बागेतल्या इंजिनाला हात लावू नका ही विनंती. एकाचे काढून दुसऱ्याला लावायचे यातच निम्मी इंजिनं संपली. फेअरी क्वीनसारख्या 1855 च्या नावाजलेल्या इंजिनाचे पार्ट 2011 मध्ये चोरीला गेले, ते शेवटी पेरांबूरच्या वर्कशॉपला न्यावं लागलं आणि परत नियमित धावायला 2017 उजाडलं. परवानगी काढा, कॅलिपर घेऊन जा, मापं घ्या, फोटो काढा, बस्स. आमची बार्शी लाइन अडीच फुटी होती, तिचे पार्ट तुम्हाला बसायचे नाहीत, पण वर्कशॉपमधली रिटायर माणसं अजून आहेत, बेअरिंगचं व्हाइट मेटल कसं ओतायचं, ब्रास रंग लावून स्क्रेपरने कसं बसवायचं ते दाखवतील. ते यूट्यूबवर बघून येत नाही.

ऊसगाडी_610
वा, धन्यवाद सगळ्यांना. रॉड खरवडला, आकडे दिसतायत पण पहिल्या आकड्यावर छिन्नीचा घाव आहे, फोटो संध्याकाळी टाकतो. अण्णा, इन्स्पेक्टरकडे जाताना कारखान्याची जुनी बॉयलर बुकं न्यायची का? लिक्विडेटरकडे आहेत म्हणतात.

बॉयलर_अण्णा
न्यायची म्हणजे काय, तीच आधी न्या! बॉयलरचा नंबर त्यातच असतो. झेरॉक्स नको, ओरिजिनल दाखवा.