पदवी आणि नोकरी: विद्यार्थ्यांच्या मताला किती वजन द्यावे?

धागाकर्ती (सांगली):
महाविद्यालयात शिकलेले नोकरीत उपयोगी पडते का, या प्रश्नाला विद्यार्थ्यांनी ‘नाही’ म्हटले की ते उतावळेपणाचे ठरवले जाते, आणि हे मला मान्य नाही. बी.कॉम. प्रथम वर्गात उत्तीर्ण होऊन मी मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणाऱ्या पेढीवर, हिशेबाला लागले. पहिल्याच दिवशी सौदा आटोपल्यावर शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, माझ्यापुढे आली: पोती, वजन, दर, त्यातून हमाली आणि तोलाई वजा. तीन वर्षे जमा-नावे लिहूनही ती संगणकावर कोणत्या खात्यांत चढवायची हे मला उमगेना. शेवटी दहावी शिकलेल्या दिवाणजींनी शेजारी बसून दाखवले.

वाणिज्याचे प्राध्यापक:
आपला अनुभव खरा आहे, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. दाखवल्यावर किती दिवसांत जमले, हे आपण लिहिलेले नाही. लवकर जमले असेल, तर त्यामागे ती तीन वर्षेच आहेत, आणि शिकत असताना विद्यार्थ्याला हे दिसत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात काढलेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुले शेतात राबून शिकली. तिथे श्रम शिक्षणासाठी होते. शिक्षणाला केवळ नोकरीच्या मापाने मोजले, तर त्या पिढीची धडपडच आपल्याला कळणार नाही.

लघुउद्योजक (कुपवाड):
सरांशी निम्मा सहमत आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना यंत्र महिन्याभरात शिकवता येते. झालेली चूक लपवू नये, हे शिकवायला मात्र वर्ष लागते. दोष फक्त महाविद्यालयाचाही नाही. २०२०च्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीत कार्यानुभव आला, तरी काही मुले कारखान्यात पाऊल न ठेवता प्रमाणपत्रावर सही-शिक्का मागतात. अशांनी शिक्षण निरुपयोगी म्हटले, तर ते मी कसे मानावे?

धागाकर्ती:
सर, पट्टी मला चौथ्या दिवशी जमली, आणि तुमचा मुद्दा मी तेवढ्यापुरता मान्य करते. पण ते चार दिवस तिसऱ्या वर्षातच का मिळू नयेत? कर्मवीरांच्या मुलांना शेत आणि वर्ग दोन्ही लाभले. आम्हाला केवळ वर्ग मिळाला, म्हणून आमची तक्रार अपुरेपणाची आहे, निरुपयोगीपणाची नव्हे. सही-शिक्क्याबद्दलचे म्हणणे मात्र बोचले, कारण ते खरे आहे. आमच्या मालकांना मी विचारले आहे: सौद्याच्या दिवशी दोन विद्यार्थ्यांना दिवाणजींजवळ बसू द्यायला ते तयार आहेत. सर, आपण दोन नावे द्याल का?