तार बदलताना लय पुढे पळते

प्रश्न : मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ८० ठोक्यांवर लावून गिटारवर एका ठोक्यात दोन स्वर वाजवताना तार बदलली की माझा पिक (तार छेडण्याची छोटी चकती) अडकतो आणि लय पुढे पळते. चूक नेमकी कुठे होत असावी?

उत्तर १ : पिकचे जेमतेम टोक बोटांबाहेर ठेवावे आणि हालचाल कोपरातून नव्हे, तर मनगटातून करावी. ठोक्यावर खाली आणि मधल्या अर्ध्या मात्रेवर वर, हा क्रम एखादा स्वर गाळला तरी हवेत चालूच ठेवावा. बहुतेकांचा हात तिथेच थबकतो.

उत्तर २ : सहमत आहे. शिवाय यंत्र ४० वर आणून त्याचा ठोका चार मात्रांपैकी फक्त दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतो असे धरून त्याच ८० च्या लयीत वाजवल्यास आपण कुठे पळतो, ते लगेच उघडे पडते.

प्रश्नकर्ता : करून पाहिले. पळत होता तो ताल धरणारा माझा पायच!