जुन्या बोटीच्या वार्षिक खर्चाचा अंदाज कसा बांधावा? मदत हवी आहे

नमस्कार. फायबरग्लासची, सुमारे २६ फूट लांबीची आणि आत डिझेल इंजिन असलेली एक जुनी बोट विकत घेण्याचा माझा विचार आहे. मात्र किमतीपेक्षा तिच्या दरवर्षीच्या खर्चाचीच मला अधिक धास्ती वाटते. खरेदीच्या किमतीच्या १० टक्के रक्कम दरवर्षी बाजूला ठेवावी, असा एक ठोकताळा सांगितला जातो. परंतु बोट जुनी आणि म्हणूनच स्वस्त असेल, तर तो फसवा ठरत असावा, कारण धक्क्यावरील जागेचे भाडे बहुधा बोटीच्या लांबीवरून ठरते, तिच्या वयावरून नव्हे. विम्याचे गणित त्या मानाने सोपे आहे. खरी अडचण देखभालीची: बोट पाण्याबाहेर काढून तळ खरवडणे, त्यावर शेवाळ व शिंपले धरू नयेत म्हणून विशेष रंग देणे, बोटीचे इतर धातूचे भाग गंजू नयेत म्हणून खाऱ्या पाण्यात मुद्दाम झिजू दिले जाणारे जस्ताचे तुकडे बदलणे, शिवाय इंजिनाचे तेल आणि पाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) बदलणे. यांपैकी कोणती कामे नवख्या माणसाने स्वतः करावीत आणि कोणत्या कामांत काटकसर अंगलट येते? इंजिनाच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आपण वेगळी तरतूद करता का, आणि ती कोणत्या हिशेबाने?