विषय: मोम्बासात पाहुणे येतायत – प्यायचं काय, बसायचं कुठे?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात पुण्याहून आई-बाबा, बाबांचे मित्र (आमचे काका) आणि काकू येतायत. नैरोबीहून मादाराका एक्स्प्रेसने मोम्बासाला जाऊ. बाबा आणि काका संध्याकाळी थोडी घेतात. आई आणि काकू घेत नाहीत, पण त्यांनाही सोबत बसायचंय. हॉटेलचा बार सोडून त्यांना नेण्यासारखं काही आहे का? तिकडे माडी मिळते असं ऐकलं, खरं का?
– पार्कलँड्स, नैरोबी

---

ताई, नमस्कार.
माडी मिळते, आणि किनाऱ्यावर येऊन घ्यावी अशी पहिली गोष्ट माझ्या मते तीच. इथे तिला म्नाझी म्हणतात. राबाई, कालोलेनी, किलिफी हा सगळा मिजिकेंडा लोकांचा माडांचा पट्टा. माडावर चढणारा म्गेमा पोयीचं (माडाच्या फुलोऱ्याचं) टोक रोज थोडं थोडं छाटतो, खाली भांडं बांधतो आणि साठलेला रस उतरवतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे भंडारी पिढ्यानपिढ्या करत आले तेच काम. सकाळी उतरवलेली गोड लागते, जिभेवर जरा चुरचुरते. उन्हं वर चढतात तशी ती आंबत आणि चढत जाते, दुसऱ्या दिवशी नुसतं व्हिनेगर. त्यामुळे कधी उतरवली, हे आधी विचारा. कौतुक केलं की म्गेमा माडीत पाणी घालतो, अशी जुनी स्वाहिली म्हण आहे. तेव्हा घोटभर चाखा, मगच मागवा.

तुंब्यातून नळीने पितात. नळीच्या टोकाला गाळणी असते, म्हणजे कचरा तोंडात येत नाही. मिजिकेंडांकडे लग्न ठरवताना, मयताच्या वेळी आणि पितरांना म्नाझी लागतेच. पाहुणे येतात, तोंड वाकडं करत एक घोट घेतात, फोटो काढतात आणि तुंबा तसाच टाकून उठतात, याचं मला फार वाईट वाटतं. थोडीच घ्या, पण बसून घ्या. फोटो विचारून काढा. ओळखीचा ड्रायव्हर घेऊन दिवसाउजेडी जा.

बाबांना बिअर चालत असेल तर टस्कर. कंपनी १९२२ची. पुढच्याच वर्षी संस्थापकांपैकी जॉर्ज हर्स्ट शिकारीत हत्तीच्या हल्ल्यात गेले, त्यावरून हे नाव आणि लेबलवरचा हत्ती. वेटर 'बारिदी?' विचारेल, कारण इथे बरेच जण बिअर थंड न करता पितात. गार हवी असेल तर 'बारिदी' म्हणा.

दवा नावाचं कॉकटेलही घ्याच: वोडका, लिंबू, बर्फ, आणि मध लावलेली काडी, ती ढवळत प्यायचं. कॅफेत मात्र दवा म्हणजे आलं-लिंबू-मध घातलेलं गरम पाणी. आई-काकूंसाठी मागवताना बिनदारूची आहे ना, हे विचारून घ्या.

बसायला न्यालीचं टॅमरिंड रेस्टॉरंट. खाडीपलीकडे जुनं शहर दिसतं, चौघांनाही आवडेल. महाग आहे, पण एक संध्याकाळ तिथे घालवावी. दियानीच्या किनाऱ्याला गेलात तर वाळूवरचा फॉर्टी थीव्ह्ज बार. लिकोनीच्या फेरीबोटीने गेलात तर परतीचा वेळ हाताशी ठेवा. साधे बार २०१०च्या कायद्याप्रमाणे सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ५ला उघडतात, शनिवार-रविवार दुपारी २ला, आणि रात्री ११ला बंद. हॉटेलांचं वेगळं.

जुन्या शहरात, फोर्ट जीझसच्या मागच्या गल्ल्यांत, दारू शोधू नका. मुसलमान वस्ती आहे, तिथला मान ठेवावा. तिथे पितळी भांड्यातली कडू कहावा, म्हणजे कॉफी प्या, सोबत काशाटा, म्हणजे नारळाची किंवा शेंगदाण्याची वडी. उन्हं उतरल्यावर मामा न्गिना वॉटरफ्रंटला मादाफू, म्हणजे शहाळं, आणि तिखट-लिंबू मारलेले मोगोचे (कसावा कंदाचे) वेफर्स. आईंना हीच जागा सगळ्यात आवडेल असं मला वाटतं.
– न्याली, मोम्बासा

---

न्यालीचे काका, म्नाझीबद्दल सगळं पटलं, पण डॉक्टर म्हणून थोडं सांगते. पाणी घातलेली माडी म्हणजे ते पाणी कुठलं, हा प्रश्न. पुण्याहून नुकत्याच आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी घेऊ नये. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर बाबांनी आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावं.

चांगा नावाच्या गावठी दारूला मात्र हातच लावू नका. त्यात मिथेनॉल निघतं, त्याने डोळे जातात, माणसं दगावतात. बाटलीबंद दारूवर केनियाच्या महसूल खात्याचा स्टँप असतो, तो बघा. त्यांच्या सोमा लेबल ॲपवर तपासताही येतो. बाटली आपल्यासमोर उघडून घ्या, ग्लास टेबलावर सोडून उठू नका. पेयात गुंगीचं औषध घालून लुटण्याचे प्रकार इथे होतात.
– तुडोर, मोम्बासा

---

काका, डॉक्टरताई, मनापासून आभार. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारते. माडीसाठी राबाईला जायचं तर मोम्बासाहून किती वाजता निघावं?
– पार्कलँड्स

---

ताई, सकाळी ७ला निघा, म्हणजे पहिली उतरवलेली मिळेल. रिकाम्या पोटी घेऊ नका, वाटेत महामरी आणि चहा घ्या. महामरी म्हणजे नारळाच्या दुधातली, वेलची घातलेली तळलेली पोळी. आईंना त्यासोबत बाराझी द्या, ती नारळाच्या रसातली तूर. ड्रायव्हर मी बघून देतो, तारखा कळवा.
– न्याली