मदत हवी आहे : हिमोग्लोबिनच्या डेटावर टी-टेस्ट की मॅन-व्हिटनी?

माळवा_७
इंदूरच्या दोन वस्त्यांमधल्या बायकांचं हिमोग्लोबिन एक्सेलमध्ये आहे. शापिरो-विल्कचा पी ०.००१ पेक्षा कमी, म्हणजे डेटा नॉर्मल (घंटेच्या आकाराचा) नाही. दोन्ही वस्त्यांची तुलना करायला कुठली टेस्ट लावू? फक्त नाव सांगा, सोमवारी रिपोर्ट द्यायचाय.

ठिपके
नोंदी किती? सरासरी, मध्यक, कमाल टाका. नाडी न बघता औषध कसं सांगायचं?

माळवा_७
बायका २१८, पण काउंट २१२च दाखवतं. सरासरी १६.०, मध्यक ११.४, एसडी (प्रमाण विचलन) २०, कमाल ११२.

ठिपके
डेसिलिटरला ११२ ग्रॅम कुणाचंच नसतं. बहुतेक ११.२चं टिंब सुटलंय. कॉलम उतरत्या क्रमाने लावून वरच्या वीस ओळी बघा.

छावणीकर
एक्सेल सोडा, आर हे सॉफ्टवेअर घ्या. बॉक्सप्लॉट काढा, मधल्या निम्म्या नोंदींच्या चौकटीपासून दीड आयक्यूआरच्या (चौकटीच्या दीडपट उंचीच्या) बाहेरचं उडवा, झालं.

ठिपके
उडवू नका! संख्याशास्त्रज्ञ टुकींची ती दीडपटीची मर्यादा संशयित नोंदी दाखवायला आहे. अगदी नॉर्मल डेटातही हजारात सातेक नोंदी तिच्याबाहेर जातात. ६.१ इतकं कमी आलं तरी ते खरं असू शकतं, आणि तीच बाई रिपोर्टमधून गळाली तर सर्व्हे कशासाठी केला?

नर्मदाताई
हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणाबरोबर चहा नको, लोह नीट शोषलं जात नाही. लिंबू पिळा.

माळवा_७
ताई, प्रश्न टेस्टचा आहे. वर ११२, १०८ आणि नऊ वेळा ९९ आहे. ९९ म्हणजे रक्त दिलं नाही, हे ठरलेलंच असतं ना.

ठिपके
एक्सेलला कुठे ठाऊक? त्या ९९नीच सरासरी चढवलीय. मूळ कॉलमला हात लावू नका, शेजारी नवा करा. ९९च्या जागी रिकामं, ११२ आणि १०८ कागदी फॉर्मवरून.

राजवाडा_४२
हरवलेल्या सहा नोंदी : आकड्यापुढे ‘ग्राम’ लिहिलं असेल किंवा टिंबाआधी स्पेस पडली असेल. एक्सेल तो मजकूर धरतं. असे आकडे सेलमध्ये डावीकडे चिकटलेले दिसतात, खरे आकडे उजवीकडे.

छावणीकर
सरळ मॅन-व्हिटनी लावा, ती आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमावर चालते. चुकीच्या आकड्यांनी फरक पडत नाही.

ठिपके
पडतो. क्रमात ९९ सगळ्यात वर बसतं, म्हणजे ज्यांनी रक्तच दिलं नाही त्या सर्वांत निरोगी ठरतात. माळवा, दुरुस्तीनंतर वस्तीवार हिस्टोग्राम (कुठल्या आकड्यावर किती नोंदी, याचे खांब) काढा, बिन म्हणजे खांबाची रुंदी ०.१.

माळवा_७
काढला. पहिल्या वस्तीत १०, १०.५, ११ वर उंच खांब, मधे जवळजवळ काही नाही. दुसरीत सलग.

ठिपके
पहिलीत हिमोग्लोबिन मोजायला साहली नळी होती का?

माळवा_७
हो, दुसरीत डिजिटल मीटर. ते लिहायला हवं होतं का?

ठिपके
सगळ्यात आधी. साहलीत रंग डोळ्यांनी जुळवतात, म्हणून वाचन अर्ध्या-पूर्णावर येऊन थांबतं. आता फरक निघाला तर तो वस्त्यांचा की उपकरणांचा, हे कुठलीच टेस्ट सांगणार नाही. काही बायकांचं दोन्हींनी मोजलंय का?